मध्ययुगीन प्रार्थनापोथ्यांमधले ख्रिस्ती अंत्यविधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंधराव्या शतकातली फ्रान्स किंवा नेदरलँड्समधली एखादी सचित्र प्रार्थनापोथी चाळत गेलात, की शेवटाकडे कुठेतरी काळे झगे घातलेली माणसे भेटतात. मेणबत्त्यांनी वेढलेली शवपेटी दिसते, किंवा उघडी कबर आणि तिच्या काठावर पडलेल्या कवट्या. सोन्याची वेलबुट्टी, स्ट्रॉबेरी आणि फुलपाखरांच्या किनारी, आणि मधोमध मरण. ही चित्रे पाहणारे जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

या प्रार्थनापोथ्या म्हणजे नेमकी कोणती पुस्तके? बायबल का?

नाही. इंग्रजीत यांना ‘बुक ऑफ अवर्स’ म्हणतात. मठातले साधू दिवसरात्र ठरलेल्या प्रहरांना प्रार्थना म्हणत. ती शिस्त आपल्यालाही थोडीफार पाळता यावी, असे संसारी माणसांना वाटू लागले आणि त्यातून ही आटोपशीर पुस्तके तेराव्या शतकापासून तयार होऊ लागली. आपल्याकडे घरात रोजच्या पाठाची पोथी असते, तसेच त्यांचे स्थान होते. फरक इतकाच, की श्रीमंतांच्या पोथीत चित्रकाराने जीव ओतलेला असे. सुरुवातीला सणवारांचे पंचांग, मग शुभवर्तमानातले उतारे, माता मरियेच्या प्रहरप्रार्थना, पश्चात्तापाची सात स्तोत्रे, संतांची नामावळी आणि मृतांसाठीची प्रार्थना, असा साधारण ऐवज. क्रम पोथीगणिक थोडाफार बदलतो.

मालकिणी पुष्कळ होत्या. लग्नात मुलीला अशी पोथी देण्याची रीत होती, आणि मुले अक्षरे गिरवायची तीही बऱ्याचदा आईच्या पोथीवरूनच. पंधराव्या शतकात राजेरजवाड्यांबरोबर व्यापारी आणि वकीलही या पोथ्या विकत घेऊ लागले. 1480 च्या दशकापासून पॅरिसच्या छापखान्यांनी त्या छापायला सुरुवात केली आणि मग त्या मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आल्या.

अंत्यविधीचे चित्र पोथीत नेमके कुठे सापडते?

‘मृतांसाठीची प्रार्थना’ या भागाच्या आरंभी. हे ठिकाण समजले नाही तर चित्रही अर्धेच समजते, म्हणून इथे जरा थांबू.

ही प्रार्थना तीन टप्प्यांत म्हणायची असे. पहिला टप्पा संध्याकाळचा. त्याची सुरुवात ‘प्लासेबो’ या लॅटिन शब्दाने होते, म्हणून त्या संध्याप्रार्थनेला लोक ‘प्लासेबो’च म्हणत. दुसरा रात्रीचा, ‘दिरिगे’; तिसरा पहाटेचा. रात्रीच्या टप्प्यात नऊ वाचने असतात आणि ती नऊही बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातली आहेत. मुले, धन, आरोग्य, सगळे गमावलेला ईयोब देवाला विचारतो: माझे दिवस म्हणजे काहीच नाहीत, मग माझी पाठ का सोडत नाहीस? माझी पापे किती, सांग तरी! प्रेताशेजारी रात्र जागवताना हे शब्द मोठ्याने म्हटले जात. त्यात दिलासा फारसा नाही. मेलेला माणूस स्वतःच देवाशी हुज्जत घालतो आहे आणि आपण त्याला आपला आवाज उसना देतो आहोत, असे ते वाचन आहे.

प्रत्यक्ष अंत्यविधीला धर्मगुरू आणि गायक ही प्रार्थना म्हणत. पण ती पोथीत छापली-लिहिली जाई ती मालकाने घरी, कोणी मेलेले नसतानाही, म्हणावी म्हणून. आई-वडिलांसाठी, गेलेल्या जोडीदारासाठी, वर्षश्राद्धासारख्या स्मरणदिनी, कधी रोजसुद्धा. चित्र त्या वाचनाचे दार होते.

म्हणजे चित्रातला अंत्यविधी पोथीच्या मालकाचा, की त्याच्या आप्ताचा?

बहुतेक वेळा कोणाचाच नाही. शवपेटीवर कापड आहे, प्रेत कफनात शिवलेले आहे, चेहरा कुठेच दिसत नाही. चित्रकाराने ती जागा जाणून रिकामी ठेवली आहे, असे माझे मत आहे. वाचणारा तिथे ज्याची आठवण काढायची त्याला ठेवू शकतो, आणि रोज वाचता वाचता एक दिवस स्वतःलाही.

अपवाद आहेत. फ्रान्सच्या राजाचा खजिनदार एतिएन शेव्हालिये याच्यासाठी जाँ फुके या चित्रकाराने 1450 च्या दशकात एक पोथी रंगवली. तिच्यातली अंत्ययात्रा खुद्द शेव्हालियेची मानली जाते. तेव्हा तो जिवंत होता. स्वतःची अंत्ययात्रा रंगवून घेऊन ती प्रार्थनेच्या वेळी समोर धरायची, यात त्या काळाच्या दृष्टीने विचित्र असे काही नव्हते. उलट शहाणपणाचे होते. अचानक, तयारीविना आलेले मरण हेच सगळ्यांत वाईट समजले जाई.

मरणशय्येच्या चित्रात इतकी गर्दी का असते? आणि आजाऱ्याच्या हातात मेणबत्ती कशाला?

कारण मरणे हे एकट्याचे काम नव्हते. शेवट जवळ आला की धर्मगुरूला बोलावणे जाई. तो प्रभुभोजनाची भाकर घेऊन निघे, पुढे घंटा आणि दिवा घेतलेला मदतनीस, आणि रस्त्यातली माणसे गुडघे टेकत. घरी आल्यावर पापांची कबुली, क्षमा, तैलाभ्यंग आणि शेवटचे प्रभुभोजन. शेजारीपाजारी खोलीत येऊन उभे राहिले तर कोणी हाकलत नसे. त्यांच्या प्रार्थनेची गरजच होती. हातातली मेणबत्ती आशीर्वादित असे, बऱ्याचदा 2 फेब्रुवारीच्या मेणबत्त्यांच्या सणाला घरी आणलेली. जीव जाताना अंधारातले सैतान जवळ येतात आणि हा उजेड त्यांना दूर ठेवतो, अशी श्रद्धा.

या प्रसंगाचे माझ्या मते सर्वांत बोलके चित्र कॅथरिन ऑफ क्लीव्ह्ज या डचेसच्या पोथीत आहे. ही पोथी उत्रेख्तमध्ये 1440 च्या सुमारास तयार झाली आणि आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. आजारी माणूस पलंगावर आहे, कोणी त्याच्या हातात मेणबत्ती धरवते आहे, आणि वैद्य काचेच्या भांड्यातली लघवी उजेडात धरून पाहतो आहे. मध्ययुगीन वैद्याची ती ओळखखूणच, पण इथे त्याचा उपयोग संपलेला. आता नजर खालच्या किनारीकडे न्या. झकपक कपड्यांतला तरुण वारसदार पैशाच्या पेटीपाशी पोहोचलासुद्धा! चित्रकाराचे नाव आपल्याला ठाऊक नाही, पण भाऊबंदकी त्याला चांगली ठाऊक होती.

प्रेताचे पुढे काय करत?

अंघोळ घालून पांढऱ्या तागाच्या कापडात गुंडाळत आणि कापड शिवून टाकत. हे काम बहुधा बायकांचे. काही चित्रांत शिवण आणि टाके स्पष्ट दिसतात. काहींत कापडावर छातीच्या जागी क्रूस. चेहरा झाकलेला. गावात बातमी चर्चची घंटा पोचवी. फ्रान्समधल्या शहरांत हातघंटा वाजवत मृत्यू जाहीर करणारे दवंडीवालेही होते.

शवपेटीबद्दल एक गैरसमज नेहमी आढळतो. चित्रात चर्चमध्ये शवपेटी आहे आणि कबरीपाशी मात्र नुसते कफन, मग पेटी गेली कुठे? चित्रकाराची चूक नाही ही. साध्या माणसाला पेटीसकट पुरत नसत. पेटी चर्चची, सगळ्या वस्तीला सामाईक. प्रेत कबरीपर्यंत आणायचे, कफनासह खाली सोडायचे आणि पेटी परत. स्वतःची पेटी, शिशाचे अस्तर, मसाले भरून टिकवलेले प्रेत हे सारे बड्या घरांत. तिथेही गुंतागुंत होती: दूरदेशी मेलेल्या सरदाराचे शरीर कापून, उकळून हाडे तेवढी मायदेशी आणण्याची चाल इतकी वाढली, की 1299 मध्ये पोप बोनिफास आठवे यांनी तिच्यावर बंदी घातली. तरीही राजघराण्यांत हृदय एका चर्चमध्ये, आतडी दुसऱ्यात आणि उरलेला देह तिसऱ्यात, असे दफन नंतरही होत राहिले.

चर्चमध्ये शवपेटीवर जो मेणबत्त्यांचा मांडव दिसतो तो काय आहे?

लाकडाची किंवा लोखंडाची चौकट. तिच्यावर खिळ्यांसारखी टोके असत आणि त्यांत मेणबत्त्या रोवलेल्या. मेण महाग होते, मधमाश्यांचे. गरिबाच्या घरी चरबीचा दिवा जळे. त्यामुळे चौकटीवर किती मेणबत्त्या पेटल्या यावरून मृताची ऐपत सगळ्या गावाला कळे. मृत्युपत्रांत लोक मेणाचे वजनसुद्धा लिहून ठेवत.

पेटीवर अंथरलेले कापड नेहमी काळेच असते असे नाही. निळी, लाल, सोनेरी जरीची कापडे भरपूर दिसतात आणि वर मोठा क्रूस. ही कापडेही अनेकदा चर्चची किंवा एखाद्या बंधुसंघाची, म्हणजे एकमेकांच्या अंत्यविधीला उभे राहणाऱ्या भाविकांच्या मंडळाची. पेटीच्या एका बाजूला मोठ्या पोथीपुढे दाटीवाटीने उभे राहून गाणारे धर्मगुरू, दुसऱ्या बाजूला काळ्या टोप्यांतले शोककर्ते. मांडणी इतकी ठरीव, की हे दृश्य असलेल्या पॅरिसमधल्या दहा पोथ्या उघडल्यात तर बहुतेकांत हेच दिसेल.

ती काळ्या झग्यांतली, तोंड झाकलेली माणसे म्हणजे घरचे लोक का?

काही घरचे, काही भाड्याचे, आणि यात कोणाला वावगे वाटत नसे. श्रीमंत माणूस मृत्युपत्रात सांगून ठेवी की माझ्या अंत्ययात्रेत इतक्या गरिबांनी मशाली धराव्यात; त्या बदल्यात त्यांना काळा झगा, जेवण आणि नाणी मिळत. गरिबांची प्रार्थना देव लवकर ऐकतो, असा विश्वास यामागे होता. म्हणजे झगा हा मोबदलाही आणि गुंतवणूकही.

डोक्यावरून नाकापर्यंत ओढलेली ती टोपी चित्रकारांना फार सोयीची पडली असणार: चेहरे काढायलाच नकोत. पण तीच आकृती दगडात पाहायची असेल, तर बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याच्या दिजाँ येथल्या थडग्याची चित्रे जरूर शोधा. तो 1404 मध्ये वारला, थडगे 1410 मध्ये पुरे झाले. क्लाउस स्लूटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घडवलेले छोटे शोककर्ते चौथऱ्याभोवती चालत आहेत. कोणी डोळे पुसतो, कोणाचा चेहरा टोपीत पुरता हरवला आहे. पोथीतली सपाट काळी रांग इथे हालते.

स्त्रिया कुठे आहेत?

मरणशय्येपाशी, आणि कफन शिवताना. चर्चमधल्या चित्रांत फारशा नाहीत. औपचारिक शोककर्त्यांची रांग चित्रकार पुरुषांचीच काढतात. पोथी मात्र बाईच्या हातात, हे ध्यानात ठेवावे.

दफनभूमीच्या चित्रांत हाडे आणि कवट्या उघड्यावर का पडलेल्या असतात? इतकी अनास्था?

अनास्था नव्हे, जागेची टंचाई. रोमन काळात प्रेते नगराबाहेर पुरत. ख्रिस्ती युरोपात मृत गावात आले, कारण सगळ्यांना संतांच्या अवशेषांजवळ, वेदीजवळ, निदान चर्चच्या अंगणात जागा हवी होती. वेदीच्या जितके जवळ तितकी जागा मानाची आणि महाग. अंगण एवढेसे आणि शतकानुशतकांचे मृत त्याच मातीत. म्हणून नवी कबर खणताना जुनी हाडे वर येणारच. ती गोळा करून भिंतीलगतच्या ओवऱ्यांच्या माळ्यावर रचून ठेवत. माणसाचे नाव पुसले गेले तरी हाडे पवित्र जमिनीच्या आवारातच राहिली म्हणजे झाले. अंतिम न्यायाच्या दिवशी देव त्याची जुळणी करील.

पॅरिसची ‘निष्पाप बालकांची दफनभूमी’ याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. पॅरिसच्या चित्रकारांनी रंगवलेल्या दफनप्रसंगांत मागे कमानी आणि त्यांच्यावर छपराखाली खचाखच कवट्या दिसतात. ती दृश्ये या जागेवरून सुचलेली आहेत. 1424-25 मध्ये तिथल्याच एका ओवरीच्या भिंतीवर ‘मृत्यूचे नृत्य’ रंगवले गेले, म्हणजे लहानथोर सगळ्यांना हात धरून नेणाऱ्या मृतांची रांग. तिथे बाजार भरे, लोक फिरायला येत, पत्रे लिहून देणारे लेखनिक बसत. ती भिंत 1669 मध्ये पाडली गेली, दफनभूमी 1780 मध्ये बंद झाली, आणि 1786 पासून तिथली हाडे शहराखालच्या जुन्या खाणींत हलवली. आज पर्यटक जे ‘कॅटॅकोम्ब’ रांग लावून पाहतात ते हेच.

कबरीच्या चित्रांत आणखी एक माणूस हटकून असतो: फावडे घेतलेला खणणारा. कधी तो खड्ड्यात कमरेइतका उतरलेला, कधी दुसऱ्याबरोबर कफन खाली सोडताना. काठावर धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडतो. पोथीभर राजे, संत आणि देवदूत. इथे मात्र घामाघूम झालेला मजूर मध्यभागी. प्रेताचे पाय पूर्वेकडे ठेवण्याची रीत होती, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी उठणारा माणूस पूर्वेकडून येणाऱ्या ख्रिस्ताकडे तोंड करूनच उठेल.

आकाशात तो छोटासा नग्न माणूस कोण?

मृताचा आत्मा. मध्ययुगीन चित्रकार आत्मा लहान मुलासारखा, विवस्त्र दाखवतात. त्याच्यासाठी वरती झटापट चाललेली असते: एकीकडून सैतान, दुसरीकडून देवदूत, बहुधा संत मायकेल.

हे दृश्य ज्या ताकदीने ‘रोआँ प्रार्थनापोथी’त उतरले आहे, तसे दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही. पोथी 1430 च्या दशकातली, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. काळ्या कापडावर एक उघडानागडा देह ताठ पडला आहे, भोवती हाडे आणि कवट्या. ना घर, ना चर्च, ना नातेवाईक, ना मेणबत्ती. वर म्हातारा, प्रचंड देव हातात तलवार घेऊन वाकून पाहतो आहे. मेलेल्याच्या तोंडून निघालेल्या पट्टीवर लॅटिन वाक्य आहे: प्रभो, माझा आत्मा मी तुझ्या हाती सोपवतो. देवाचे उत्तर मात्र फ्रेंचमध्ये आहे: तुझ्या पापांचे प्रायश्चित्त तू भोगशील, न्यायाच्या दिवशी माझ्यासोबत असशील. माणूस चर्चच्या भाषेत बोलतो आणि देव घरच्या भाषेत. शिक्षा आहे, पण तिला शेवट आहे.

पण माणूस मेल्यावर त्याच्यासाठी प्रार्थना करून उपयोग काय? स्वर्ग की नरक हे ठरलेले नाही का?

या साऱ्या चित्रांच्या मुळाशी हाच मुद्दा आहे. संत थेट स्वर्गात जातात, अट्टल पापी नरकात. बाकीचे, म्हणजे जवळपास सगळेच, मधल्या ठिकाणी जातात: पर्गेटरी, शुद्धिस्थान. तिथे पापांचा उरलेला हिशेब आगीत फेडायचा. 1274 च्या लिओंच्या धर्मपरिषदेने ही शिकवण अधिकृतपणे मांडली, आणि जिवंतांच्या मिस्सा (वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याचा चर्चमधला मुख्य विधी), प्रार्थना, दानधर्म यांनी त्या आत्म्यांना मदत होते हेही सांगितले. मेलेल्याला स्वतःसाठी काही करता येत नाही. तो पूर्णपणे मागे राहिलेल्यांवर अवलंबून. पोथीतली मृतांसाठीची प्रार्थना हे त्या मदतीचे घरगुती साधन होते.

म्हणून विधी दफनाने संपत नसे. तिसरा, सातवा आणि तिसावा दिवस, मग वर्षाचा दिवस. तिसाच्या आकड्यामागे पोप ग्रेगरी यांनी सांगितलेली एक कथा आहे: जुस्तुस नावाच्या साधूने नियम मोडून सोन्याची नाणी लपवली होती, त्याच्यासाठी सलग तीस दिवस मिस्सा अर्पण केल्यावर तो सुटला. क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी हजाराव्या वर्षाच्या आसपास सर्व मृतांसाठी 2 नोव्हेंबर हा दिवस आपल्या मठांत सुरू केला, आणि तो पुढे सगळीकडे पसरला. ऐपत असलेले लोक एखाद्या धर्मगुरूला कायमचा पगार मिळेल अशी जमीन लावून देत. त्याचे काम एकच, दात्याच्या आत्म्यासाठी रोज मिस्सा. कुटुंब विसरले तरी जमिनीचे उत्पन्न विसरत नाही, हा व्यवहारी विचार.

शवपेटीतून प्रेत उठून बसलेले एका चित्रात पाहिले. ती काय भानगड आहे?

ते रेमों दियोक्रे. कथा अशी: पॅरिसचा हा विद्वान, सज्जन समजला गेलेला धर्मगुरू मेला. अंत्यविधीत ईयोबाचे चौथे वाचन सुरू झाले, ‘मला उत्तर दे’ हे शब्द म्हटले गेले, आणि प्रेताने उत्तर दिले! ‘देवाच्या न्यायासनापुढे माझ्यावर आरोप ठेवला गेला आहे.’ विधी दुसऱ्या दिवसावर ढकलला. पुन्हा तेच वाचन, पुन्हा प्रेत उठले: ‘माझा न्याय झाला आहे.’ तिसऱ्या दिवशी: ‘मला दोषी ठरवले आहे.’ ते पाहून हादरलेल्या ब्रुनोने, म्हणजे पुढे संत मानल्या गेलेल्या धर्मगुरूने, संसार सोडला आणि 1084 मध्ये कार्थुसियन पंथाचा पहिला मठ उभारला. पंथ खरा, वर्ष खरे. प्रेताची गोष्ट नंतरची आख्यायिका.

जाँ द बेरी या फ्रेंच ड्यूकला ही कथा प्रिय असावी. लिंबुर्ग बंधूंनी 1405 ते 1409 च्या दरम्यान त्याच्यासाठी रंगवलेल्या ‘बेल अर’ पोथीत ती संत ब्रुनोच्या चित्रमालिकेत येते. त्यांच्या अधिक गाजलेल्या ‘त्रे रिश अर’ पोथीतही ती आहे, पण तिथे हात वेगळा. 1416 मध्ये ड्यूक आणि तिघे लिंबुर्ग बंधू एकाच वर्षी वारले आणि पोथी अर्धवट राहिली. सुमारे सत्तर वर्षांनी जाँ कोलोंब याने ती पुरी केली आणि दियोक्रेचे मोठे चित्र त्याने काढले.

गंमत म्हणजे या चित्राने पोथी वाचणाऱ्याला चांगलाच चाप बसतो. तो स्वतः तेच वाचन म्हणतो आहे. ‘मला उत्तर दे’ म्हटल्यावर कोणी खरेच उत्तर दिले तर?

तीन घोडेस्वार आणि तीन सांगाडे असतात, तो अंत्यविधीच आहे का?

नाही, पण शेजारचा विषय आहे. शिकारीला निघालेले तीन उमदे तरुण तीन प्रेतांना भेटतात, आणि प्रेते सांगतात: तुम्ही आहात तसे आम्ही होतो, आम्ही आहोत तसे तुम्ही व्हाल. फ्रान्सच्या युवराजाची पत्नी बॉन ऑफ लक्झेंबर्ग हिच्या 1349 पूर्वीच्या स्तोत्रपोथीत हे दोन समोरासमोरच्या पानांवर आहे: डावीकडे जिवंत, उजवीकडे सडण्याच्या तीन पायऱ्यांवरचे मृत. बॉन 1349 मध्ये, महामारीच्या काळात वारली. बर्गंडीची डचेस मेरी हिच्या, आता बर्लिनमध्ये असलेल्या पोथीत सांगाडे भाले घेऊन एका घोडेस्वार स्त्रीच्या मागे लागले आहेत. मेरी स्वतः 1482 मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून मरण पावली. चित्र त्याआधीचे की नंतरचे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

सगळ्याच पोथ्यांत या भागाला अंत्यविधीचेच चित्र असते का?

नाही. उकिरड्यावर बसलेला ईयोब आणि त्याला उपदेश करणारे मित्र, कबरीतून उठणारा लाजर, अंतिम न्याय, भाला घेतलेला मृत्यू, हे पर्यायही चालत. विशेषतः पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईयोब खूप दिसू लागतो. पॅरिसच्या छापील पोथ्यांनी तर मृत्यूचे नृत्य किनारीत घेतले: पानामागून पान, पोप, राजा, व्यापारी, तान्हे मूल, प्रत्येकाचा हात धरून एकेक सांगाडा.

या चित्रांवर इतिहासाचा पुरावा म्हणून किती भरवसा ठेवावा?

वस्तूंवर बराच, माणसांवर कमी. कफन कसे शिवत, मेणबत्त्यांची चौकट कशी होती, पाणी कशाने शिंपडत, फावड्याचा आकार काय, हे चित्रकार रोज पाहत होते. शोध लावण्याचे कारण नव्हते. पण एक नमुना बसला की कार्यशाळा तोच पुन्हापुन्हा गिरवत. त्यामुळे रूआँमध्ये रंगवलेल्या दृश्यात पॅरिसची ओवरी येऊ शकते. शिवाय चित्रातला विधी नेहमी सुखवस्तू माणसाचा. गरिबाचे एक-दोन मेणबत्त्यांत उरकलेले दफन कोणी पैसे देऊन रंगवून घेत नव्हते. महामारीतल्या सामूहिक खड्ड्यांची, किंवा ज्यांना पवित्र जमीन नाकारली गेली त्यांची, म्हणजे बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांची आणि आत्महत्या केलेल्यांची चित्रेही इथे शोधू नका.

कधीकधी चित्रापेक्षा शेजारचा मजकूर जास्त सांगतो. नऊ वाचनांनंतरची उत्तरगीते, म्हणजे प्रत्येक वाचनाला प्रतिसाद म्हणून म्हणायच्या ओळी, प्रत्येक धर्मप्रांतात वेगळ्या क्रमाने येत. त्या क्रमावरून पोथी पॅरिसच्या रिवाजाची, रोमच्या की इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या, हे अभ्यासक ओळखतात. मालक कुठल्या गावचा याचा माग असा मृतांच्या पानांवरून लागतो.

ही प्रथा संपली कधी? आपल्या भागात तिचा काही धागा आहे का?

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेने शुद्धिस्थानच नाकारले, तेव्हा प्रोटेस्टंट देशांत मृतांसाठीच्या प्रार्थनेला अर्थ उरला नाही. इंग्लंडमध्ये आत्म्यासाठी मिस्सा म्हणवणारे निधी 1547 च्या कायद्याने सरकारजमा झाले. कॅथलिक जगात मात्र प्रार्थना चालू राहिली.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, म्हणजे या पोथ्या अजून रंगवल्या जात होत्या तेव्हाच. त्यांच्याबरोबर मृतांविषयीचा हाच विचार किनाऱ्यावर आला. मृतांना पुरणे हे दयेचे कृत्य मानणारे ‘मिझेरिकोर्दिया’ आणि ‘कोंफ्रारी’ हे बंधुसंघ गोव्यात रुजले. लाल-पांढऱ्या वेशातले कोंफ्रारीचे सभासद आजही गावच्या अंत्ययात्रेत दिसतात. गोवा, मुंबई किंवा वसईतल्या कॅथलिक घरी सातव्या दिवसाचा आणि महिन्याचा मिस्सा असतो, 2 नोव्हेंबरला कबरींवर फुले-मेणबत्त्या असतात. हे दिवस त्याच जुन्या हिशेबातले आहेत.

या पोथ्या घरबसल्या पाहता येतात का? सुरुवात कुठून करू?

येतात, आणि फुकट. रोआँ पोथी फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर आहे. तिचा क्रमांक लॅटिन 9471, आणि मृताचे ते चित्र 159 व्या पत्रावर. क्लीव्ह्ज पोथी मॉर्गन ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, बेल अर आणि बॉनची स्तोत्रपोथी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या. सुरुवात क्लीव्ह्जच्या मरणशय्येपासून करा असे मी सुचवीन. चित्र मोठे करून आधी पलंगाभोवतीचे सगळे हात काय काय करत आहेत ते पाहा, किनार शेवटी.